पैसा विमेदाराचा, चावी कुणाची?

विम्याचा पैसा हप्ता भरणाऱ्यांचा. तो कुठे गुंतवायचा, हे मात्र कंपनी ताब्यात असणारा ठरवतो. भारत इन्शुरन्सचे अध्यक्ष रामकृष्ण डालमिया यांनी तो शेअरच्या सट्ट्यातला तोटा भरायला वापरला. न्यायालयात ते दोषी ठरले.

बाबासाहेबांनी १९४७ मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा सरकारी मालकीचा मागितला होता: माणसाला संरक्षण मिळेल आणि सरकारला नियोजनासाठी चढ्या व्याजाचे कर्ज काढावे लागणार नाही.

१९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. तरी १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतलेच. पण फिरोज गांधींनी संसदेत जाब विचारला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावे लागले.

सरकारी मालकी म्हणजे आपोआप न्याय नव्हे. ती जाब विचारण्याची जागा आहे. ती आपण वापरली नाही, तर चावी पुन्हा मूठभरांच्याच हाती जाईल.