केरातील चांदी

पंक्तीत सोन्यास पहिले पान आणि चांदीस दुसरे, असाच आजवरचा लोकव्यवहार आहे. आपल्या ज्ञातीचे नावही सोन्यावरूनच पडले. तथापि ज्या धातूने आपल्या अनेक कुटुंबांची चूल पेटती ठेवली, त्याचा इतिहास आपल्या मुलाबाळांस ठाऊक असावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

१९६३ साली सुवर्णनियंत्रण आले, तेव्हा आम्ही पाच वर्षांचे होतो. वडिलांच्या हाती त्यानंतर चांदीचेच काम उरले आणि आमच्या हाती त्यांनी पाटी-पेन्सिल दिली. त्यांच्या दुकानातील केर कधी उकिरड्यावर गेला नाही. कानशीने उडालेला कीस, फुटक्या मुशीचे तुकडे, शेगडीची राख, सारे एका डब्यात साठे आणि वर्षाअखेर झारेकरी तो केर मोल देऊन नेई. धुळीसही किंमत असते, हा धडा आम्हांस शाळेपूर्वीच मिळाला होता.

रुपया हा शब्दच मुळी रुप्यावरून आला. १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा ठरले आणि त्यातील बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. उरलेल्या भागात तांबे घालीत, कारण निर्भेळ चांदी मऊ असते व हातोहाती लवकर झिजते. त्या काळी कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी, अल्पसा आकार द्यावा आणि रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत रयतेचे दागिने मोठ्या प्रमाणावर वितळले, ते याच वाटेने. अंगावरचे रुपे हीच गरिबाची पेढी होती.

पुढे जर्मनीसारख्या देशांनी सुवर्णचलन स्वीकारले व जगभर चांदीचा भाव कोसळला. विलायतेस सोन्यात देणी भागविताना हिंदुस्थान सरकार मेटाकुटीस आले आणि २६ जून १८९३ रोजी टांकसाळींचे दार लोकांच्या चांदीस बंद झाले. रुपयाची किंमत कायद्याने सावरली, पण वाळ्या-वाक्यांना बाजारात मिळेल त्या भावाचाच आधार राहिला. १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा ते दार बंदच होते.

१९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. आमच्या आजीने चंचीत जपलेले रुपये वडिलांनी एकदा कसोटीवर घासून पाहिले आणि त्यांचे दोन ढीग केले. आजीने मात्र सारे सारख्याच कष्टाने साठविले होते. तिने वडिलांस इतकेच विचारले, "अरे, दोन्हींवर रुपयाच लिहिले आहे ना?" वडील काही बोलले नाहीत.

राजाज्ञेने चलनाची किंमत बदलते, धातूचे गुण मात्र बदलत नाहीत. वीज व उष्णता वाहून नेण्यात चांदीहून सरस धातू नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेस तांब्याची चणचण भासली, तेव्हा ओक रिज येथील प्रचंड विद्युत्‌चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातून सुमारे १४,७०० अमेरिकी टन चांदी उसनी घेण्यात आली. तेथे यंत्रांखालच्या लाकडी फळ्या उखडून जाळल्या आणि त्यांच्या राखेतून कण गोळा केले. झारेकऱ्याचीच ही विद्या! १९७० पर्यंत ती चांदी खजिन्यात परत गेली. परंतु त्या चुंबकांनी वेगळे केलेले युरेनियम ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमध्ये होते, हेही मुलांस सांगितले पाहिजे. धातू निर्दोष असतो. त्याचा विनियोग करणारा माणूस मात्र उत्तरदायी असतो.

आज जगात खपणाऱ्या चांदीपैकी निम्म्याहून अधिक उद्योगधंद्यांत जाते. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या पट्ट्यांवरील बारीक रेघा, विजेच्या कळांतील संपर्कबिंदू, धातू जोडण्याचे डाक, या सर्वांत ती असते. जुन्या क्ष-किरण चित्रांतही ती आहे. ही यंत्रे व चित्रे निकामी झाली म्हणजे आपण ती भंगारात टाकतो.

आम्ही पस्तीस वर्षे वर्गात चांदीचे गुणधर्म शिकविले, पण घरच्या डब्यातील केराशी त्यांचा संबंध कधी जोडून दाखविला नाही, याची आज खंत वाटते. आपल्या तरुणांनी रसायनशास्त्र व धातुशास्त्र शिकून भंगारातून चांदी काढण्याच्या धंद्यात उतरावे. हे काम घरच्या शेगडीवर मात्र करू नये. तेजाबाच्या तांबूस धुराने वडिलांची छाती अखेरपर्यंत घरघरत होती. योग्य यंत्रे, मोकळी हवा व रीतसर परवाना घेऊनच ते करावे. आपल्या वाडवडिलांची विद्या अशा रीतीने पुढे चालली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.