अर्जावर पहिलं नाव कुणाचं?

आपल्या गावांत, शहरांत ‘पीआर’ ही दोन अक्षरं आता घरोघरी पोचली आहेत. “धाकट्याचं कॅनडाचं पीआर झालं,” असं हळदीकुंकवाला सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. पण ते पीआर कोणत्या वाटेनं झालं, अर्जावर पहिलं नाव कुणाचं होतं, सुनेचं शिक्षण त्यात कुठं मोजलं गेलं, हे प्रश्न राहूनच जातात. आज आपण कॅनडाच्या या दाराचा इतिहास पाहू. तो माहीत असला की वाट निवडताना चूक कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

पीआर म्हणजे परमनंट रेसिडेन्स, कायम वास्तव्याचा हक्क. ते नागरिकत्व नव्हे. पीआर मिळालेल्याला राहता येतं, काम करता येतं, पण संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही. शिवाय दर पाच वर्षांत किमान 730 दिवस तिथं राहावं लागतं. हा हक्क आज गुणांवर मिळतो. एकेकाळी तो कातडीच्या रंगावर मिळायचा, किंवा नाकारला जायचा.

1908 साली कॅनडाच्या सरकारनं एक नियम केला. येणाऱ्यानं आपल्या देशातून सलग प्रवास करत, तिथंच काढलेल्या तिकिटावर यायला हवं. वाचायला साधा नियम, पण भारतातून कॅनडाला थेट जाणारं जहाजच नव्हतं. ‘भारतीयांना बंदी’ असे शब्द कायद्यात कुठंही न लिहिता दार बंद झालं. वर आशियातून येणाऱ्यानं खिशात 200 डॉलर दाखवायचे, अशीही अट होती. 1914 च्या मे महिन्यात कोमागाता मारू हे जहाज 376 प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचलं. बहुतेक जण पंजाबातले शीख होते. दोन महिने जहाज बंदरातच उभं राहिलं. आधीपासून तिथं राहणारे आणि आणखी मोजके सोडले तर कुणाला उतरू दिलं नाही. जहाज परत फिरलं आणि सप्टेंबरमध्ये कोलकात्याजवळ बजबज इथं पोलिसांच्या गोळीबारात प्रवासी मारले गेले.

ही गोष्ट बऱ्याच जणींनी ऐकली असेल. तिच्या आतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जे भारतीय पुरुष आधीच तिथल्या लाकडाच्या गिरण्यांत काम करत होते, त्यांच्या बायकांनाही येता येत नव्हतं. नवरा एका खंडात, बायको दुसऱ्या खंडात, अशी वर्षं गेली. पत्नी आणि अल्पवयीन मुलं आणायला परवानगी मिळाली ती 1919 साली. म्हणजे आपली बाई या इतिहासात पहिल्यांदा आत आली ती ‘कुणाची तरी बायको’ म्हणूनच. ही ओळख पुसायला पुढं फार वेळ लागला, आणि ती पुरती पुसली गेली आहे असं आजही म्हणवत नाही.

भारत स्वतंत्र झाल्यावर 1951 साली कॅनडानं आपल्यासाठी वर्षाला 150 माणसांचा कोटा ठरवला. 1957 साली तो 300 झाला. एवढ्या मोठ्या देशातून वर्षाला तीनशे! पुढं 1962 साली नियम बदलले आणि माणसाचा वंश नव्हे, तर त्याचं कौशल्य पाहायचं ठरलं. हे नियम मांडणाऱ्या मंत्री होत्या एलेन फेअरक्लॉ, कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळातली पहिली स्त्री.

तरी कौशल्य मोजायचं कसं, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं. म्हणून 1 ऑक्टोबर 1967 पासून गुणपद्धत आली. एकूण 100 गुण, पास व्हायला 50. शिक्षणाला 20, अधिकाऱ्याच्या मुलाखतीला 15, त्या कामाला मागणी किती याला 15, कसबाला 10, वयाला 10, ठरलेल्या नोकरीला 10, इंग्रजी-फ्रेंचला 10, आणि उरलेले नातेवाईक व जागेसाठी. ही शाळेतल्या गुणपत्रिकेसारखी पद्धत पुढं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांनीही आपापल्या परीनं उचलली. आपल्याकडचे इंजिनियर, डॉक्टर, शिक्षक या दारानं गेले. पूर्व आफ्रिकेतल्या गोवेकर कुटुंबांनाही ही वाट सापडली, आणि 1972 साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या हजारो आशियाई लोकांना कॅनडानं घेतलं, त्यांतही गोवेकर होते.

पण गुणपत्रिका कुणाची? घराच्या कर्त्याची. कर्ता म्हणजे बहुधा नवरा. बायको त्याच्या अर्जात ‘अवलंबून असलेली’ म्हणून जाई. ती एम. ए. असो की नर्स, तिच्या कागदांकडं कुणी पाहत नसे. पुढं पोचल्यावरही त्याचा फटका बसे. सरकारी खर्चानं, भत्ता देऊन भाषा शिकवण्याचे वर्ग नोकरी करणार असं धरलेल्यांसाठी होते. बायको नोकरी करणार नाही, असं गृहीत धरल्यानं अनेकींना त्या वर्गांत जागा मिळत नसे. 1992 साली सर्व नवागतांसाठी भाषावर्गांची नवी योजना आली तेव्हा यात फरक पडला.

याच काळात स्त्रियांसाठी एक वेगळं दारही होतं, आणि ते घरकामाचं होतं. 1955 साली जमैका आणि बार्बाडोसमधून 100 तरुणी कॅनडात घरकामासाठी नेल्या गेल्या. अट अशी: वय 18 ते 35, अविवाहित, मूल नको. एक वर्ष घरकाम केलं की कायम राहता येई. शिकलेल्या मुलींनीही मोलकरणीचं काम पत्करलं, कारण आत जायला तेवढीच फट होती. पुढं 1973 पासून तीही आवळली आणि परदेशी कामगारांना तात्पुरते परवाने मिळू लागले. काम संपलं की परत जा. ज्या बायकांनी प्रवेशाच्या वेळी आपली मुलं सांगितली नव्हती, त्यांच्यावर देशाबाहेर काढण्याची पाळी आली. जमैकाच्या सात आयांनी त्याविरुद्ध लढा दिला. ज्या कामाला चालतात त्या राहायलाही चालल्या पाहिजेत, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. 1979 साली त्यांना यश आलं. 1981 मध्ये दोन वर्षं काम केल्यावर पीआर मागण्याची सोय झाली, आणि 1992 मध्ये लिव्ह-इन केअरगिव्हर योजना आली. मालकाच्याच घरात राहण्याची सक्ती मात्र 2014 पर्यंत टिकली. विचार करा, जिच्या हातात दुसऱ्याचं बाळ सोपवायचं, तिनं आपलं बाळ लपवून ठेवायचं!

या जुन्या गोष्टींतून पहिला धडा असा: वाट निवडताना ‘आत कसं जायचं’ एवढंच विचारू नका. ‘कायम राहण्याचा हक्क कधी आणि कशावर मिळेल’ हे आधी विचारा. तात्पुरता परवाना आणि पीआर यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत, त्या कुणाच्या हातात आहेत, हे कागदावर लिहून काढा.

दुसरा धडा 2012 सालचा. 2002 च्या नव्या कायद्यानं पास होण्यासाठी 75 गुण ठेवले, पुढच्याच वर्षी ते 67 केले. जो पास होईल त्याचा अर्ज रांगेत, अशी पद्धत होती. रांग वाढत वाढत वर्षांवर गेली. मग 2012 साली संसदेनं कायदा करून 27 फेब्रुवारी 2008 च्या आधीचे, निर्णय न झालेले कुशल कामगारांचे अर्ज सरळ रद्द केले. सुमारे 2 लाख 80 हजार माणसं त्या अर्जांत होती. फी परत मिळाली, पण गेलेली वर्षं कोण परत देणार? त्या काळात कुणी घर घेतलं नव्हतं, कुणी नोकरी बदलली नव्हती, कुणी मूल लांबवलं होतं. म्हणून अर्ज टाकला की आयुष्य थांबवू नये. इथलं शिक्षण, इथली बढती, इथलं घर चालू ठेवावं.

आता आजची पद्धत. जानेवारी 2015 पासून एक्स्प्रेस एन्ट्री आली. हिच्यात रांग नाही, स्पर्धा आहे. आपली माहिती भरली की 1200 पैकी गुण मिळतात, सरकार वेळोवेळी वरच्या गुणांच्या लोकांना बोलावतं, आणि बोलावणं आल्यापासून 60 दिवसांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. भरलेली माहिती 12 महिने टिकते. बोलावणं आलं नाही तर पुन्हा भरायची.

याला जोडून प्रांतांची वाट आहे. मॅनिटोबानं 1998 पासून ती चालवली, पुढं इतर प्रांतांनीही. एखाद्या प्रांतानं नाव सुचवलं तर एक्स्प्रेस एन्ट्रीत 600 गुण वाढतात, म्हणजे बोलावणं जवळजवळ नक्कीच. पण त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा हवा. थंडी, भाषा, मुलांची शाळा, नातलगांपासूनचं अंतर, हे सगळं पाहून प्रांत निवडावा. क्वेबेकची निवड तर वेगळीच, तिथं फ्रेंच लागते. 2023 पासून केंद्राकडूनही काही गटांना वेगळी बोलावणी येतात, त्यांत आरोग्यसेवा आणि फ्रेंच जाणणारे आहेत. दुसरीकडं नोकरीच्या पत्राला मिळणारे जादा गुण मार्च 2025 मध्ये काढून टाकले. कुणी आजही ‘नोकरीचं पत्र विकत घ्या, गुण वाढतील’ म्हणत असेल, तर तिथूनच उठून यावं.

आणि आता आमचा मूळ मुद्दा. जोडप्यानं अर्ज केला तर मुख्य अर्जदाराचं वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना 460 पर्यंत गुण असतात. जोडीदाराला फार तर 40. वयाचे पूर्ण 100 गुण 20 ते 29 या वयात, पुढं दरवर्षी घटत 45 व्या वर्षी शून्य. नवरा 38 चा असेल तर वयाचे 55 गुण, बायको 31 ची असेल तर 90. नुसत्या वयात 35 गुणांचा फरक! त्यात तिचं इंग्रजी चांगलं असलं, ती नर्स किंवा संगणकातली असली, तर तिच्या नावानं अर्ज केल्यावर घराला पीआर मिळू शकतं आणि त्याच्या नावानं अडू शकतं. तरीही बहुतेक घरांत पहिलं नाव न विचारता नवऱ्याचं पडतं. आमचं सांगणं एवढंच, दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मांडा आणि मग ठरवा. यात मानापमान नाही, हिशोब आहे. या वाटेनं सोबत गेलेल्या जोडीदारालाही स्वतःचं पीआर मिळतं, हेही ध्यानात ठेवा.

तयारी करताना आपल्याकडची एक अडचण हमखास येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला आणि लागल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच करून ठेवा. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, पदवीची पडताळणी पाच वर्षं. म्हणून पडताळणी आधी, परीक्षा नंतर. आणि नर्स, शिक्षिका, डॉक्टर यांनी हे विसरू नये की पीआर म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. तो प्रत्येक प्रांताची संस्था देते, त्याचा अभ्यास, खर्च आणि वेळ वेगळा धरावा लागतो.

मदत घ्यायचीच तर पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि तिथल्या सल्लागार महाविद्यालयाच्या नोंदणीकृत सदस्यांनाच आहे. नाव यादीत आहे का, ते स्वतः पाहा. अर्जात खोटं निघालं तर पाच वर्षं दार बंद होतं. ते खोटं एजंटानं लिहिलं होतं, हे कारण सहसा चालत नाही, कारण खाली सही आपली असते.

1919 साली आपली बाई नवऱ्याच्या कागदामागून त्या देशात गेली. आज तिच्या कागदामागून अख्खं घर जाऊ शकतं. जायचं की नाही हा प्रत्येकीचा प्रश्न आहे. पण जाणारच असाल, तर या रविवारी दोघांनी मिळून एक वही घ्या, दोन रकाने आखा आणि आपापले गुण मांडा. पहिलं नाव कुणाचं, ते त्या वहीलाच ठरवू द्या.