काळोख दाखवणारा पडदा

रेडिओवरून पडद्याविषयी बोलायचं म्हणजे थोडी गंमतच आहे. ऐकणाऱ्याचे डोळे मोकळे, आणि बोलणारा सांगतोय ती वस्तू डोळ्यांपुढे धरायची. तरीही हा विषय मी मागून घेतला. कारण अलीकडे ओळखीच्या घरांतून एकच संवाद पुन्हा पुन्हा कानावर येतो. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा नुकती नोकरीला लागलेली मुलगी म्हणते, ‘घ्यायचाच तर ओएलईडी गेमिंग मॉनिटर घेऊ या. खेळ, सिनेमा, अभ्यास, ऑफिसचं काम, सगळं त्याच्यावर होईल.’ वडील किंमत विचारतात आणि गप्प होतात. साध्या मॉनिटरच्या चार-पाच पट पैसे मोजायचे, तर तो खरंच सगळ्या कामाला येतो का?

मी तंत्रज्ञ नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण रोज पडद्यावर मराठी लिहितो, वाचतो. आणि या वस्तूच्या मागे जो इतिहास आहे, तो कळला की वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

पडदा जन्माला आला तो करमणुकीसाठी नव्हे. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊन यांनी विजेच्या लहरी डोळ्यांना दिसाव्यात म्हणून काचेची एक नळी बनवली. आत इलेक्ट्रॉनांचा झोत, समोर चमकणारा लेप. आपल्या टीव्हीची पिक्चर ट्यूब म्हणजे तिचीच नात. या नळीवर खेळ यायला अनेक दशकं लागली. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून मोजमापाच्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मधली उभी रेघ म्हणजे जाळी आणि एक उड्या मारणारा ठिपका. १९६२ मध्ये एमआयटीतल्या तरुणांनी ‘स्पेसवॉर’ केला. त्यांचा पडदा गोल होता, आणि त्यावर दोन यानं एकमेकांवर मारा करायची. पाठीमागे आकाश काळं हवं, तारे खरे हवेत, म्हणून त्यांच्यातल्या पीटर सॅमसन यांनी खऱ्या आकाशाच्या नकाशावरून तारे मांडणारा वेगळा प्रोग्रॅम लिहिला. खेळणाऱ्याला काळोखाचं महत्त्व पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि त्या नळीला काळोख फुकटात मिळत होता. झोत जिथे आदळेल तिथेच उजेड. बाकीची काच विझलेली. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा वाडीत एखाद्याच घरी टीव्ही असे. दिवा मालवून, दाटीवाटीनं बसून पाहिलेल्या त्या कृष्णधवल चित्रातल्या रात्री खरोखर रात्रीसारख्या दिसत.

हा काळोख पुढे आपण गमावला, आणि तो गमावल्याचं आपल्या लक्षातही आलं नाही. १८८८ मध्ये प्रागला फ्रीडरिश राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक विचित्र पदार्थ आढळला. तो वितळे दोनदा. मधल्या अवस्थेत ना धड द्रव, ना धड स्फटिक. हेच ते लिक्विड क्रिस्टल. १९६८ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या चमूनं त्यापासून पडदा करून दाखवला. आपल्याकडे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले. त्या जातीच्या पदार्थांचे पातळ थर पुढे एलसीडीवर चढवले गेले, आणि बाजूनं पाहिल्यावरही चित्र नीट दिसू लागलं. ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जायला हवी, असो.

एलसीडी सपाट, हलका, स्वस्त. पण त्याची रचना अशी, की मागे दिवा कायम जळत असतो आणि पुढे लाखो बारीक झडपा उघडझाप करतात. काळं दाखवायचं म्हणजे झडप लावायची. झडप कितीही घट्ट लावा, फटीतून उजेड झिरपतोच. त्यामुळे एलसीडीवर काळा रंग नसतो; असते ती राखाडी. दिवसा हे जाणवत नाही. रात्री खोलीतला दिवा मालवून सिनेमा लावला, की अमावस्येच्या प्रसंगातही पडद्यावर धुकं पसरल्यासारखं वाटतं.

काळोख परत आणला तो कोडॅकनं. फोटोचे रोल विकणारी, जिचं सगळं आयुष्य डार्करूमवर उभं होतं तीच कंपनी. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे तिच्या प्रयोगशाळेत हाँगकाँगमध्ये जन्मलेले चिंग तांग हे रसायनशास्त्रज्ञ सेंद्रिय पदार्थांपासून सौर घट बनवण्याच्या खटपटीत होते. उजेडापासून वीज करायची होती. हाती लागली ती विजेपासून उजेड करण्याची युक्ती. १९८७ मध्ये तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ती प्रसिद्ध केली. सेंद्रिय पदार्थांचे दोन थर, दोन्ही मिळून माणसाच्या केसाच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतके जाड. दहा व्होल्टपेक्षाही कमी दाब दिला की त्यातून हिरवा प्रकाश येई. मागे दिवा नाही, पुढे झडप नाही. ठिपका स्वतःच पेटतो, आणि काळं दाखवायचं असेल तर सरळ विझतो. ओएलईडी म्हणजे एवढंच.

याच कोडॅकमध्ये १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेराही बनवला होता. उद्याच्या दोन्ही वस्तू हातात असलेली ही कंपनी कालच्या रोलवर विसंबून राहिली. २००३ मध्ये तिनं ओएलईडी पडद्याचा एक कॅमेरा बाजारात आणला खरा, पण २००९ च्या अखेरीस हा सगळा व्यवसाय कोरियाच्या एलजीला विकला आणि जानेवारी २०१२ मध्ये स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केला. दरम्यान जपानमध्ये १९९७ साली पायोनियरनं गाडीतल्या स्टिरिओला असा छोटा पडदा बसवला होता, २००७ मध्ये सोनीनं ११ इंची टीव्ही काढला होता. २०१३ मध्ये एलजीचा ५५ इंची टीव्ही आला. आणि २०२२ मध्ये डेलनं एलियनवेअर या नावानं, सॅमसंगचं पटल वापरून, ३४ इंचांचा खेळण्यासाठीचा मॉनिटर आणला. आपल्या मुलामुलींच्या तोंडी जे नाव आहे त्याचा उगम हा. बघा, पूर्वी कामाच्या यंत्रावर खेळ बसवला जायचा. आता खेळाच्या यंत्रावर काम बसवायचं म्हणतो आपण. सगळी अडचण इथेच आहे.

खेळासाठी तो उत्तम आहे, यात वाद नाही. साध्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं येतात, म्हणजे एक चित्र जवळजवळ १७ सहस्रांश सेकंद थांबतं. या पडद्यावर २४० येतात, म्हणजे एक जेमतेम ४ सहस्रांश. एलसीडीची झडप वळायला वेळ लागतो, म्हणून धावत्या वस्तूमागे पुसट शेपूट दिसतं. ओएलईडीचा ठिपका त्याच्या कितीतरी पट लवकर बदलतो, कंपन्या ०.०३ सहस्रांश सेकंदाचा आकडा सांगतात. शेपूट जवळपास जातंच. सिनेमालाही तो तितकाच चांगला, मात्र रात्री आणि दिवा मालवून. सॅमसंगच्या पटलावर खिडकीतला उजेड पडला की काळ्यावर जांभळट राखाडी झाक चढते. ज्यांच्या घरी टेबल खिडकीशीच आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांचं तसंच असतं, त्यांनी दिवसा त्या काळ्या रंगाची अपेक्षा करू नये.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. अक्षरं.

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका खरं तर तीन रंगांचा असतो. एलसीडीत तांबडी, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं क्लिअरटाइप नावाची हिकमत जाहीर केली. या पट्ट्या सुट्या सुट्या वापरल्या, तर अक्षराची कड ठिपक्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नेमकी करता येते. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ती घरोघरी आली. गृहीत एकच, की पट्ट्या त्याच क्रमानं उभ्या असतील. ओएलईडीवाल्यांनी ते पाळलं नाही. सॅमसंगच्या पटलात वर हिरवा आणि खाली तांबडा-निळा असा त्रिकोण. एलजीच्या पटलात चौथा, पांढरा घटक मध्ये घुसलेला. खेळात हे कुणाला दिसत नाही. पण स्थिर अक्षराच्या कडेला रंगाची किनार उमटते. त्रिकोणाच्या रचनेत ती विशेषतः आडव्या कडांना येते, एका अंगाला हिरवट, दुसऱ्या अंगाला गुलाबीसर.

आता देवनागरी डोळ्यांपुढे आणा. रोमन लिपीत लांब आडवी रेघ क्वचित येते. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेखा. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला अधूनमधून जाणवेल ते मराठी वाचणाऱ्याला ओळीच्या ओळी जाणवणार. पडद्याची परीक्षा करणारे बहुतेक इंग्रजी मजकूर उघडून पाहतात, म्हणून हे सहसा कुणी सांगत नाही.

पडद्यावर आपली अक्षरं आणायला किती कष्ट पडले आहेत, ते आठवावं. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला भारतीय लिप्या संगणकावर उमटवण्याचं काम झालं, पुढे पुण्याच्या सी-डॅकनं ते जिस्ट कार्डच्या रूपानं कचेऱ्यांपर्यंत नेलं. १९९१ मध्ये युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा फॉण्ट केला र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार होते, शिवाय कवी होते. अक्षराची उंची, शिरोरेखेची जाडी, मात्रेचा झोक, हे सगळं त्या काळच्या जाड्याभरड्या ठिपक्यांत बसवायचं होतं. २००८ मध्ये ते गेले. त्यांनी इतक्या निगुतीनं ओढलेल्या रेघेला आता हिरवी-गुलाबी किनार लागलेली पाहिली, की मला तरी बरं वाटत नाही.

एक दिलासा आहे. ठिपके बारीक झाले की किनार दिसेनाशी होते. ३४ इंची पहिल्या मॉनिटरला एका इंचात सुमारे ११० ठिपके होते. २०२५ मध्ये आलेल्या २७ इंची फोर-के पटलांत ते १६६ आहेत, आणि त्यांच्यावर वाचन बरंच सुसह्य होतं. काही नव्या पटलांत उभ्या पट्ट्याही परत येऊ लागल्या आहेत. शिवाय लांब मजकूर वर-खाली सरकवताना या पडद्यावर अक्षरं फिसकटत नाहीत, हा फायदाही कबूल करायला हवा.

राहिलं ऑफिसचं काम. पिक्चर ट्यूबच्या काळात एकच चित्र वर्षानुवर्षं ठेवलं की त्याचा डाग काचेवर कायमचा बसे. म्हणूनच तर स्क्रीनसेव्हर आले. एलसीडीनं ती चिंता मिटवली, स्क्रीनसेव्हर नुसती शोभा उरले. ओएलईडीबरोबर चिंता परत आली. जो ठिपका जास्त जळतो तो लवकर थकतो, आणि निळ्याचा प्रकाश अधिक ऊर्जेचा, म्हणून तो सगळ्यांत आधी. दिवसाचे आठ तास एक्सेलचा तक्ता, खाली तीच पट्टी, वर तीच बटणं. किंवा सुट्टीभर क्रिकेट आणि त्याच जागी धावफलक. किंवा वृत्तवाहिनीची ती लाल पट्टी. वर्षा-दोन वर्षांत तिथे फिकट छाया राहण्याचा धोका असतो. त्यात पूर्ण पांढरं पान उघडलं की उष्णता आवरण्यासाठी हा पडदा आपला उजेड कमी करतो. हिशेबनिसाला हे कशाला हवं?

यावर पडदा स्वतः उपाय करतो. काही तास वापर झाला की बंद असताना, मिनिटभर ते दहा मिनिटं, तो ठिपक्यांची डागडुजी करतो. त्यासाठी त्याला वीज चालू लागते. आपल्या घरांत झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त असते, आणि गावाकडे भारनियमन ती आपल्या वतीनं पाळतं. इथे ती शिस्त अंगाशी येते. मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करावा, भिंतीवरचं चालूच राहू द्यावं.

तेव्हा घरात खेळणारं आणि रात्री सिनेमा पाहणारं कुणी असेल, तर घ्या. अभ्यास आणि कार्यालयीन काम हाच मुख्य उपयोग असेल तर चांगला एलसीडी घ्या, आणि उरलेल्या पैशांतून बरी खुर्ची. दोन्ही हवं असेल तर २७ इंची फोर-केच पाहा, आणि डाग पडण्याची हमी लेखी मागा. काही कंपन्या तीन वर्षांची देतात. दुकानदार मासे, कारंजी आणि आतषबाजीचा व्हिडिओ लावून दाखवेल. तो संपू द्या. मग त्याला आजच्या मराठी वर्तमानपत्राचं एक पान उघडायला सांगा, दुकानातला वरचा दिवा चालू ठेवा, आणि शिरोरेखेकडे दोन मिनिटं निवांत बघा.