ठराव झाला, पाणी राहिलं : महाडचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस

मंडळी, चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हटला की बाबासाहेबांचं नाव येतं, आणि ते रास्तच आहे. पण आज मला त्या गावच्या नगराध्यक्षांबद्दल बोलायचं आहे. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस. जातीने कायस्थ प्रभू, म्हणजे तळ्यावर ज्यांना कुणी अडवत नव्हतं त्यांच्यातले.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. तो कागदावरच राहिला असता तरी टिपणीसांना कुणी जाब विचारला नसता. पण जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला.

आणि पुढे काय झालं? काहीच नाही. तीन वर्षं एकाही अस्पृश्याने तिथलं पाणी भरलं नाही. तळं चार-पाच एकरांचं, सभोवती रस्ता आणि रस्त्यापलीकडे बहुतेक सवर्णांची घरं. घागर घेऊन तिथे जायचं म्हणजे त्या सगळ्या दारांसमोरून जायचं! नगरपालिका ठराव करू शकते, पण सोबत चालायला माणसं लागतात.

मार्च १९२७ च्या १९ आणि २० तारखांना महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. टिपणीस, अनंतराव चित्रे ही मंडळी तिच्यासाठी झटत होती. तळं ‘खुलं’ असलेल्या त्याच गावात परिषदेला चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. तीन वर्षांत त्या ठरावाचं काय झालं, हे यावरून कळतं. दुसऱ्या दिवशी लोक बाबासाहेबांबरोबर तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळ्याचं शुद्धीकरणही झालं.

ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. माझ्या मते हा प्रसंग आपण फार लवकर ओलांडून जातो. एका अध्यक्षाच्या पुढाकाराने झालेलं काम सभासदांच्या बहुमताने पुसता येतं. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा मंडपाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याआधीच सवर्ण मंडळी कोर्टात गेली होती, तळं खाजगी आहे म्हणून.

खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : मनाईची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचं सिद्ध झालेलं नाही आणि तळं नगरपालिकेचंच आहे. त्याच वर्षी सुरबानाना बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कुलाब्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले.