जमिनीवर इंधन गळायचं, तरी वेगात विक्रमी: 'ब्लॅकबर्ड' विमानाची रचना अशी विचित्र का होती?

१ मे १९६० रोजी सोव्हिएत युनियनने अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरी करणारं विमान क्षेपणास्त्राने पाडलं. पायलट जिवंत पकडला गेला. नुसतं उंचावर उडून आता भागणार नव्हतं, वेगही हवा होता. लॉकहीड कंपनीचं त्यावर काम सुरूच होतं. त्यातून घडलेलं एसआर-७१ 'ब्लॅकबर्ड' २२ डिसेंबर १९६४ रोजी पहिल्यांदा उडालं. आवाजाच्या तिपटीहून जास्त वेग आणि सुमारे ८५ हजार फूट उंची ही त्याची ताकद. खरा शत्रू होता उष्णता.

धातू शत्रूच्याच देशातला

इतक्या उंचीवर बाहेर गोठवणारी थंडी असते. तरीही प्रचंड वेगामुळे समोरची हवा दाबली जाऊन कॉकपिटची काच बाहेरून ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापायची. ॲल्युमिनियम इथे टिकलं नसतं, म्हणून विमानाचा बहुतांश सांगाडा टायटॅनियमचा केला. या धातूचा मोठा साठा होता सोव्हिएत युनियनकडे. अमेरिकेने तो बनावट कंपन्यांमार्फत विकत घेतला.

गळती का व्हायची?

तापल्यावर धातू प्रसरण पावतो. त्यासाठी पत्र्यांच्या जोडांत जागा ठेवली होती आणि पंखांवर पन्हाळीसारख्या खाचा होत्या. टाकीच्या सांध्यांतलं सील सतत तापून-थंड होऊन खराब व्हायचं, त्यामुळे जमिनीवर इंधन ठिबकायचं. मात्र जेपी-७ हे इंधन पेटती काडी टाकली तरी सहज पेट घेत नसे. इंजिन सुरू करायला हवेच्या संपर्कात आपोआप पेटणारं वेगळं रसायन लागायचं. शिवाय जळण्याआधी हेच इंधन विमानातली उष्णता शोषून घ्यायचं.

पुढे-मागे सरकणारा शंकू

इंजिनात येणारी हवा आवाजापेक्षा कमी वेगाची करावी लागते. त्यासाठी इंजिनाच्या तोंडाशी टोकदार शंकू होता. वेग वाढला की तो सुमारे ६६ सेंटिमीटर मागे सरकायचा. हवेचा हा ताळमेळ बिघडला, की विमान एका बाजूला जोरात हिसका खायचं. पायलटचं हेल्मेट कॉकपिटवर आदळायचं.

२८ जुलै १९७६ रोजी या विमानाने ताशी ३,५२९ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. एकूण ३२ विमानं बनली. त्यातली १२ अपघातांत गेली. शत्रूला मात्र एकही पाडता आलं नाही.