धुऱ्यावरचा पळस

मानोरा-कारंजा भागात पळस कधी कोणी लावला नाही. शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, माळावर, नाल्याच्या काठानं तो आपसूक उगवायचा. फाल्गुनात पानं झडून झाड पेटल्यागत लाल झालं, की आमचे आबा आम्हाला पिटाळत, "पोट्टेहो, फुलं येचून आना. उन्ह लागाचे दिवस आले."

ती फुलं आजी रात्रभर भिजत घाले आणि त्या पाण्यानं लेकरांना न्हाऊ घाले. अंगाची आग होत नाही, असं ती म्हणे. होळीचा रंगही त्याचाच. फुलं उकळताना चिमूटभर चुना टाकला, की पिवळं पाणी नारिंगी होई. पोहरादेवीच्या बाजूच्या बंजारा तांड्यांवर हाच पळस केसुला म्हणून ओळखीचा. तो फुलला, की होळीच्या लेंगी गाण्यांचे दिवस आले.

आबांच्या तोंडून ऐकलेला पळस फुलांपुरता नव्हता. लग्नघरी आठ दिवस आधीपासून बाया काड्या टोचत पत्रावळी लावत, द्रोण करत. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावायचं ते पळसाच्याच पानानं. मुळ्या खणून, कुटून वाक काढत. त्याचे दोर वळत. मुळीचं टोक ठेचलं, की भिंतीला चुना द्यायची कुंची तयार. बी म्हणजे पळसपापडी, जंतांवरचं जुनं औषध. लाल डिंक बाळंतिणीच्या लाडवात जाई, आणि मुंजीत बटूच्या हाती दंड पळसाचा.

1998 साली आमचा वाशीम अकोल्यातून निघून वेगळा जिल्हा झाला. त्याच्या आगेमागे शिवारात कापूस-ज्वारी मागं पडून सोयाबीन पसरलं. बैल गेले, दोर नायलॉनचे झाले, पंगतीत थर्माकोल आलं. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, पण तोवर पत्रावळी लावणारे हात म्हातारे झाले होते.

पळस चिवट आहे. कुऱ्हाडीनं तोडला तरी बुडातून फुटतो; म्हणूनच इतकी वर्षं टिकला. जेसीबी मात्र मुळासकट उपटते, आणि वावर दोन तासांनी, म्हणजे पेऱ्याच्या दोन ओळींनी, वाढवायला आज धुरेच कोरले जाताहेत. त्या दोन तासांतून येणारं सोयाबीन किती, आणि जाणारं झाड किती कामाचं, हा हिशेब शेतकऱ्यानंच करावा. निदान धुरा साफ करताना मशीनवाल्याला एवढं सांगा: पळस राहू दे.