घडीच्या चाकूची साक्ष

घराण्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्यापुढे प्रथम सनदा, वंशावळी आणि खतपत्रे येतात. पेटीच्या तळाशी पडलेल्या घडीच्या चाकूकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून कोणी पाहत नाही. तो कोणाचा, असे विचारता बहुधा एक आख्यायिका ऐकू येते : ‘पणजोबांना राणीसरकारकडून मिळालेला.’ अशी आख्यायिका ज्ञातीच्या इतिहासात नमूद करण्यापूर्वी त्या चाकूलाच साक्षीस बोलाविणे इष्ट होय. तो कोठे घडला व कोणत्या बाजारासाठी घडला, हे पुष्कळदा त्याच्याच अंगावर लिहिलेले असते.

चाकू उघडून पात्याचे बूड, म्हणजे मुठीलगतचा भाग, प्रथम पाहावा. कारागिराची निशाणी तेथेच ठोकलेली असते. इंग्लंडातील शेफील्ड येथे चाकू-कात्र्या करणाऱ्यांचा संघ 1624 साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला आणि निशाण्यांची नोंद तो ठेवू लागला. तारा व माल्टाचा क्रूस ही जोडनिशाणी जोसेफ रॉजर्स अँड सन्स या तेथील प्रख्यात पेढीची. जर्मनीतील सोलिंगेन हे दुसरे मोठे केंद्र. तेथील हेंकेल्स घराण्याची जुळ्या भावांची निशाणी 1731 सालची आहे.

निशाणीशेजारी मुकुट आणि ‘व्ही आर’ ही अक्षरे आढळली, की राणीच्या देणगीची कथा जन्मास येते. वस्तुतः ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीची असली, तरी त्यांचा अर्थ एवढाच, की माल सामान्यतः तिच्या कारकीर्दीतील, म्हणजे 1837 ते 1901 या काळातील आहे. राजघराण्याचा आश्रय मिरविण्यासाठी कारखानदार ती ठोकीत; तसा चाकू दुकानात कोणासही विकत मिळे.

देशाचे नाव हा दुसरा पुरावा. जर्मन मालावर ‘शेफील्ड’ असा खोटा शिक्का मारला जातो, अशी तेथील कारखानदारांची तक्रार होती. त्यातून 1887 साली इंग्लंडात व्यापारी निशाण्यांचा कायदा झाला. हिंदुस्थानात तसाच कायदा 1889 साली आला. पुढे अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्यान्वये परदेशी मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे केले व 1 मार्च 1891 पासून तो नियम अमलात आला. म्हणून पात्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द असलेला चाकू सत्तावनच्या धामधुमीतला म्हणून कोणी दाखविल्यास सावध व्हावे. तसेच ‘स्टेनलेस’ हा शब्द असल्यास पाते 1913 नंतरचेच; कारण न गंजणाऱ्या पोलादाचा शोध हॅरी ब्रियर्ली यांनी शेफील्ड येथे त्याच वर्षी लावला.

माल कोणासाठी होता, हे घडणीवरून कळते. शेफील्डच्याच वॉस्टनहोम पेढीने अमेरिकेच्या बाजारावर दृष्टी ठेवून आपल्या कारखान्यास वॉशिंग्टनचे नाव दिले. ‘आय एक्स एल’ ही तिची निशाणी. दोराच्या गाठी सोडविण्याचा जाड सुळा असलेला चाकू खलाशी व सैनिक यांच्यासाठी, आकडीसारखे वाकडे पाते माळ्यासाठी, तर लहान अरुंद पाते लेखणी तासण्यासाठी. बाणाची खूण असल्यास ती वस्तू ब्रिटिश सरकारच्या मालकीची समजावी. तोच बाण इंग्रजी ‘सी’ अक्षरात असला तर कॅनडाच्या सरकारची. मुठीवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. आपल्याकडील सांबराची शिंगे जहाजातून शेफील्डला जात आणि तिकडच्या मुठींना लागत. सांबरशिंगी मूठ दिसली म्हणून चाकू देशी ठरत नाही.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल, की राणीची देणगी गेली तर घराण्याचा मान उणा होणार नाही काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. बोरूने मोडी लिहिणाऱ्या कारकुनास लेखणी तासावयास चाकू लागे. ज्या पूर्वजाने स्वतःच्या कमाईतून असा चाकू घेतला व त्यावर संसार उभा केला, त्याची थोरवी कोणत्याही नजराण्याहून कमी नाही. दगडावर लावून लावून अरुंद झालेले पाते त्या श्रमाची ग्वाही देते. खोट्या मोठेपणाखाली झाकून जातो तो नेमका हाच खरा मोठेपणा.

चाकू जन्मस्थान सांगेल, काळ सांगेल, बाजार सांगेल. परंतु तो कोणाच्या हातात होता, हे सांगणारी साक्ष घरातील वडीलधाऱ्यांपाशीच असते व ती त्यांच्याबरोबर जाते. यास्तव ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती, की अशी वस्तू घरात असल्यास शिक्के घासून पुसून टाकू नयेत. त्यांची अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत आणि त्याखाली वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत वेगळी लिहावी. पाहिलेले व ऐकलेले यांची सरमिसळ झाली नाही, तर पुढील पिढीच्या हाती खरा इतिहास पडेल.